चिमूटभर ओवा: निवड, साठवण, स्वयंपाक आणि घरगुती औषध

ज्वारीची भाकरी, बेसनाचे पिठले, शेंगदाण्याचे कूट, मटकी-चवळीच्या उसळी आणि सणावारी तळण हा सोलापूरच्या जेवणाचा पाया आहे. हे अन्न कसदार असले तरी पचायला वेळ घेणारे आहे, आणि त्यामुळेच इथल्या मिसळणाच्या डब्यात ओव्याला कायमची जागा मिळालेली आहे. नव्याने स्वयंपाक शिकणारी मंडळी मात्र ओव्याच्या बाबतीत बहुधा दोन टोकांना जातात. काही जण भजी सोडून अन्यत्र त्याला हातच लावत नाहीत, तर काही जण तो औषधी आहे म्हणून सढळ हाताने टाकतात आणि सगळा पदार्थ कडवट करून बसतात. हा लेख अशा वाचकांसाठी आहे. ओवा बाजारातून आणण्यापासून तो पोटदुखीवर देण्यापर्यंतचा क्रम यात सांगितला आहे, आणि तो देऊ नये अशा प्रसंगांविषयी मुद्दाम अधिक विस्ताराने लिहिले आहे.

आधी एवढे समजून घ्यावे

ओवा हे कोथिंबीर, जिरे, बडीशेप आणि गाजर यांच्या कुळातील एका वर्षायू वनस्पतीचे वाळलेले फळ आहे. आपण त्याला बी म्हणतो, आणि व्यवहारात तसे म्हणण्याने काही बिघडत नाही. त्याची लागवड मुख्यतः राजस्थान आणि गुजरातमध्ये होते. दाण्यात साधारण 2 ते 4 टक्के उडनशील तेल असते आणि त्या तेलाचा मोठा हिस्सा, बहुधा 35 ते 60 टक्के, थायमॉल या द्रव्याचा असतो. ओव्याचा झणझणीत वास, जिभेवर येणारी किंचित बधिरता आणि त्याचा औषधी गुण हे सारे प्रामुख्याने या एकाच द्रव्यामुळे असते.

पुढच्या जवळजवळ प्रत्येक सूचनेचे कारण थायमॉलच्या स्वभावात सापडते. ते हवेत उडून जाते, म्हणून ओवा उघडा ठेवू नये. ते पाण्यात अगदी थोडे आणि तेलातुपात सहज विरघळते, म्हणून फोडणीत आणि मोहन घातलेल्या पिठात ओवा उत्तम लागतो. ते जंतू आणि बुरशी यांना मारक आहे, म्हणून तोंड धुण्याच्या औषधी द्रावणांत ते आजही वापरले जाते. आणि ते तीव्र असल्यामुळे ओव्याचे प्रमाण नेहमी चिमटीत किंवा लहान चमच्यात मोजावे. पहिल्या महायुद्धापूर्वी भारतातला ओवा मोठ्या प्रमाणावर जर्मनीला जात असे, तो थायमॉल काढण्यासाठीच. आतड्यातील अंकुशकृमींवर त्या काळी थायमॉल हे प्रमुख औषध होते. ज्या द्रव्यासाठी एका देशाने आपला ओवा जहाजे भरून नेला, ते आपल्या घरात दहा-वीस रुपयांच्या पुडीत येते, याचे भान ठेवून तो वापरावा असे मला मनापासून वाटते.

पहिली पायरी: खरेदी

सोलापुरात मधल्या मारुतीच्या परिसरातील किराणा दुकानांत ओवा सुटा मिळतो आणि पाकीटबंदही मिळतो. शहराच्या पूर्व भागातील तेलुगू भाषक कुटुंबांत त्याला ‘वामू’ म्हणतात, कन्नड भाषक शेजारी ‘ओम काळु’ म्हणतील आणि हिंदी बोलणारा दुकानदार ‘अजवाइन’ म्हणेल. वस्तू एकच आहे. शक्य असेल तर सुटा ओवा घ्यावा, कारण तो हातात घेऊन पाहता येतो. चार-सहा दाणे तळहातावर घेऊन अंगठ्याने जोरात चोळावेत आणि लगेच नाकाशी धरावेत. वास नाकात एकदम चढला पाहिजे. चोळूनही वास मंद येत असेल, तर तो ओवा जुना आहे किंवा त्यातले तेल आधीच काढून घेतलेले आहे. मग भाव कितीही कमी असला तरी तो घेऊ नये.

डोळ्यांनी पाहताना रंग करडा, त्यावर हिरवट किंवा तपकिरी झाक असा असावा. दाणा साधारण 2 मिलिमीटर लांब, अंडाकृती आणि उभ्या फिकट रेघांचा असतो. बारीक काड्या थोड्या असणारच, कारण दाण्याला देठ असतो; मात्र माती आणि खडे हाताला लागत असतील तर तो माल टाळावा. ओव्यातील खडा दाण्याएवढाच असल्यामुळे तो निवडताना सुटतो आणि थेट दाताखाली येतो. दोघा-तिघांच्या घराला एका वेळी 50 ग्रॅम पुरेसा होतो. वर्षाचा ओवा एकदम भरण्याची पद्धत काही घरांत आहे, पण पुढे सांगितलेल्या कारणाने सोलापूरच्या हवेत ती मला योग्य वाटत नाही.

खरेदीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे नावाच्या सारखेपणामुळे होणारी गल्लत. काष्ठौषधींच्या दुकानात ‘खुरासानी ओवा’ नावाचे बी मिळते. त्याचा आपल्या ओव्याशी काहीही संबंध नाही. ते धोतऱ्याच्या कुळातील वनस्पतीचे बी असून त्यात हायोसायमीन आणि स्कोपोलामीन ही विषारी द्रव्ये असतात. ते पोटात गेल्यास तोंडाला कोरड पडते, बाहुल्या विस्फारतात, छाती धडधडते आणि माणूस भ्रमिष्टासारखे बोलू लागतो. त्याचे बी चपटे, मूत्रपिंडाच्या आकाराचे आणि खाचखळग्यांचे असते, आणि चोळल्यास ओव्याचा वास येत नाही. वैद्याच्या थेट देखरेखीशिवाय ते घरात आणूच नये. ‘किरमाणी ओवा’ हीदेखील निराळी वनस्पती आहे. ‘अजमोद’ ओव्याच्याच कुळातला असला तरी त्याचा वास आणि गुण वेगळे आहेत. हिंग्वाष्टक चूर्णाच्या पाठात सुंठ, मिरी, पिंपळी, सैंधव, जिरे, शहाजिरे आणि हिंग यांच्याबरोबर अजमोदाचे नाव येते, त्यामुळे वाचकाच्या मनात दोहोंची सरमिसळ होते. दुकानात फक्त ‘भज्यांचा ओवा’ म्हणून मागितले तर चूक होण्याची शक्यता राहत नाही.

दुसरी पायरी: निवडणे आणि साठवणे

घरी आणल्यावर ओवा बारीक चाळणीने चाळून माती काढावी, मग पांढऱ्या ताटात पसरून खडे आणि जाड काड्या वेचाव्यात. तो धुऊ नये. दमट वाटला तर घरातच, सावलीत, पंख्याखाली काही तास पसरून ठेवावा. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांच्या वर जातो, आणि गच्चीवरच्या त्या उन्हात नुसता ओवा टाकला तर दाणे कोरडे होतात खरे, पण त्यांच्यातले तेलही उडते. तिखट, हळकुंडे आणि डाळी यांच्या वाळवणाबरोबर ओवाही उन्हात टाकण्याची सवय म्हणून सोडून द्यावी.

साठवणीसाठी घट्ट झाकणाची काचेची बाटली सर्वांत चांगली. ती गॅसच्या शेगडीजवळच्या मांडणीवर न ठेवता भिंतीतल्या बंद कपाटात, खालच्या खणात ठेवावी. रोजच्या मिसळणाच्या डब्यात फक्त आठवडाभर पुरेल एवढाच काढावा, कारण तो डबा दिवसातून अनेक वेळा उघडतो आणि ओव्याचा वास शेजारच्या जिऱ्याला लागतो. अशा रीतीने ठेवलेला ओवा सहा महिने उत्तम राहतो आणि वर्षभर चालतो. त्याची पूड मात्र साठवू नये. लागेल तेव्हा खलबत्त्यात कुटावी, कारण फुटलेल्या दाण्यातले तेल फार लवकर निघून जाते.

तिसरी पायरी: स्वयंपाकात वापरणे

एक लहान चमचा ओवा म्हणजे साधारण 2 ग्रॅम. नवशिक्याने चार माणसांच्या पदार्थाला पाव चमच्यापासून सुरुवात करावी आणि चव ओळखीची झाल्यावर हवे तर अर्ध्यापर्यंत जावे. पिठात घालायचा ओवा आधी तळहातावर चोळून घ्यावा. चोळल्याने दाण्यावरच्या तेलाच्या नळ्या फुटतात आणि थोड्या ओव्यात काम भागते. अख्खा, न चोळलेला ओवा घातला तर पीठ फिके लागते आणि मधेच एखादा दाणा चावला जाऊन तोंड कडू होते.

फोडणीत घालताना क्रम पाळावा. तेल तापल्यावर आधी मोहरी, ती तडतडली की जिरे, त्यानंतर आच कमी करून ओवा, आणि लगेच हिंग, हळद व भाजी. ओव्याचा दाणा लहान असल्यामुळे तो काही सेकंदांतच करपतो, आणि करपलेला ओवा पदार्थाला असा कडवटपणा देतो की गुळानेही तो झाकत नाही. फोडणी करपलीच तर ती टाकून द्यावी आणि नव्याने करावी. चार चमचे तेल वाचवण्यासाठी सगळी भाजी वाया घालवू नये.

पहिला सराव गवारीच्या भाजीवर करावा, कारण ओव्याचे काम त्या भाजीत स्पष्ट कळते. पाव किलो कोवळी गवार शिरा काढून मोडून घ्यावी. दोन मोठे चमचे तेलात मोहरी, पाव चमचा ओवा, हिंग, ठेचलेल्या पाच-सहा लसूण पाकळ्या आणि हळद यांची फोडणी करून त्यात गवार परतावी, मीठ घालून झाकणावर पाणी ठेवावे आणि मंद आचेवर शिजू द्यावी. शेंग बोटांनी दाबून मऊ लागली की काळे तिखट, दोन-तीन मोठे चमचे शेंगदाण्याचे कूट आणि सुपारीएवढा गूळ घालून एक वाफ काढावी. गवार थोडी उग्र आणि वातूळ समजली जाते. ओव्यामुळे तिचा उग्रपणा मोडतो आणि पोटही फुगत नाही, असा जुन्या जाणत्यांचा अनुभव आहे. याच कारणाने चवळी, वाल, अळकुड्या आणि हरभऱ्याच्या डाळीचे पदार्थ ओव्याला मानवतात.

यानंतर धपाटे. दोन वाट्या ज्वारीचे पीठ, अर्धी वाटी कणीक आणि अर्धी वाटी बेसन एकत्र करावे. त्यात लसूण, हिरवी मिरची आणि जिरे यांचे वाटण, मूठभर चिरलेली कोथिंबीर, एक मोठा चमचा तीळ, हळद, मीठ आणि चोळलेला अर्धा चमचा ओवा घालावा. दोन चमचे तेल पिठाला चोळून घ्यावे, कारण ओव्याची चव तेलातूनच सगळीकडे पसरते, आणि मग दही व लागेल तेवढे पाणी घालून मऊ पीठ मळावे. पीठ दहा मिनिटे झाकून ठेवावे. ओल्या फडक्यावर पातळ धपाटा थापून तो फडक्यासकट तव्यावर उलटावा, फडके अलगद सोडवावे, मधोमध भोक पाडून कडेने तेल सोडावे आणि दोन्ही बाजूंनी खरपूस भाजावा. मालदांडी ज्वारीचे ताजे पीठ असेल तर धपाटा थापताना चिरत नाही. पीठ जुने असेल तर कणीक थोडी वाढवावी. दह्याबरोबर किंवा शेंगाचटणीबरोबर हे धपाटे प्रवासात दुसऱ्या दिवसापर्यंत चांगले राहतात.

भज्यांविषयी फार सांगण्याची गरज नाही. एक वाटी बेसनाला पाव चमचा चोळलेला ओवा आणि एक चमचा कडकडीत तेलाचे मोहन पुरते. चकली, शेव, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि खारी शंकरपाळी यांनाही हेच प्रमाण लागू आहे. मात्र शेवेच्या पिठात अख्खा ओवा घातला तर तो साच्याच्या भोकांत अडकतो, म्हणून तिथे ओवा कुटून, पाण्यात भिजवून, गाळलेले पाणी वापरावे.

ओवा कुठे घालू नये हेही शिकण्यासारखे आहे. शेंगाचटणीत शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरे आणि मीठ एवढेच असावे. ओव्याचा वास लसणाच्या वासावर चढतो आणि शेंगदाण्याची गोडी मारतो. पालकासारख्या सौम्य भाज्या, वरण, दुधाचे पदार्थ आणि शेंगापोळी यांतही त्याला जागा नाही. आमटीत येसर किंवा काळा मसाला घातला असेल तर ओव्याची भर घालू नये. एका पदार्थात एकच उग्र वास पुढे असावा, असे मी नेहमी सांगतो.

चौथी पायरी: पाचक ओवा करून ठेवणे

नुसता ओवा चावून खाणे पुष्कळांना जमत नाही, म्हणून घरोघरी पाचक ओवा करतात. शंभर ग्रॅम निवडलेला ओवा काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात घ्यावा. त्यावर चार-पाच लिंबांचा गाळलेला रस, एक लहान चमचा सैंधव आणि पाव चमचा पादेलोण घालून रस दाण्यांच्या जरा वर येईल असे पाहावे. धातूचे भांडे वापरू नये, कारण लिंबाच्या रसाने ते कळकते. मलमलीचे फडके बांधून रात्रभर ठेवावे, सकाळी ढवळून ताटलीत पसरावे आणि पातळ कापडाखाली वाळवावे. वर उन्हाचा इशारा दिलेला आहे, तो इथे थोडा शिथिल करावा लागतो, कारण ओला ओवा सावलीत रेंगाळला तर त्याला बुरशी धरते. सकाळी नऊपर्यंतचे कोवळे ऊन द्यावे आणि नंतर सावलीत आणावे. पूर्ण वाळल्यावर पुन्हा एकदा लिंबाचा रस घालून हीच कृती करावी. वैद्यकाच्या भाषेत याला भावना देणे म्हणतात. दोन भावना दिलेला ओवा खुळखुळीत वाळवून बाटलीत भरावा. जेवणानंतर दोन चिमटी, चावून, सावकाश खाव्यात. माघातल्या हुरड्याच्या पार्टीनंतर पोटाला तड लागते तेव्हा याचा उपयोग विशेष जाणवतो. रक्तदाबासाठी मीठ कमी करण्यास सांगितलेल्यांनी मिठाशिवायचा वेगळा घाणा करावा.

पाचवी पायरी: घरगुती औषध म्हणून

आयुर्वेदात ओव्याला यवानी म्हणतात. तो चवीला तिखट-कडू, वीर्याने उष्ण, अग्नी वाढवणारा आणि वात-कफ कमी करणारा, पण पित्त वाढवणारा मानला जातो. यातला शेवटचा भाग लोक विसरतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात, विशेषतः ज्यांना आधीच घशाशी आंबट येते, तोंड येते किंवा लघवीला जळजळ होते, त्यांनी ओव्याचा औषधी वापर बंदच ठेवावा. स्वयंपाकातल्या चिमटीने सहसा त्रास होत नाही.

जड जेवणानंतर पोट फुगणे, गुबारा धरणे, ढेकर अडकणे किंवा पोटात हलकी कळ येणे या तक्रारींवर ओव्याचे पाणी करावे. एक कप, म्हणजे सुमारे 200 मिलिलिटर पाण्यात अर्धा लहान चमचा किंचित ठेचलेला ओवा घालून झाकण ठेवून चार-पाच मिनिटे मंद उकळावे. झाकण महत्त्वाचे आहे. उघड्या भांड्यात उकळले तर स्वयंपाकघर दरवळते, पण कपात थोडेच उरते. कोमट झाल्यावर गाळून घोट घोट प्यावे. प्रौढ माणसाने दिवसातून एकदा, फार तर दोनदा, आणि सलग दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त घेऊ नये. तक्रार तेवढ्यात थांबली नाही तर तिचे कारण निराळे असू शकते, आणि ते शोधण्याचे काम डॉक्टरांचे आहे. वजन कमी करण्यासाठी महिनोन्‌महिने उपाशीपोटी ओव्याचे पाणी पिण्याचा जो प्रघात पडला आहे, त्याला भक्कम आधार नाही, आणि त्यातून जठराची जळजळ मात्र वाढू शकते.

सर्दीने नाक चोंदले असेल तर दोन मोठे चमचे ओवा कोरड्या तव्यावर मंद आचेवर वास सुटेपर्यंत गरम करावा, जाड सुती कापडात बांधावा आणि ती पुरचुंडी नाकापासून वीतभर अंतरावर धरून वास घ्यावा. छाती शेकायची असेल तर पुरचुंडी आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावी. ओव्याचा दाणा उष्णता धरून ठेवतो आणि वृद्धांच्या पातळ कातडीला त्याने सहज भाजते. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांच्या तळव्यांना तर हा शेक देऊच नये. घसा खवखवत असेल किंवा हिरड्या दुखत असतील तर वरील पाण्यात चिमूटभर मीठ घालून गुळण्या कराव्यात. दाताच्या दुखण्यावर याने तात्पुरता आराम पडतो; कीड मात्र आत वाढतच राहते, त्यामुळे दंतवैद्याकडे जाणे लांबवू नये.

बाजारात ‘ओव्याचे फूल’ या नावाने जे पांढरे, चकचकीत स्फटिक मिळतात, ते म्हणजे शुद्ध थायमॉल. ओव्याचे फूल, पुदिन्याचे फूल आणि भीमसेनी कापूर हे तीन कोरडे पदार्थ एका बाटलीत सारख्या प्रमाणात मिसळले की आपोआप पातळ होतात, आणि त्यालाच अमृतधारा म्हणतात. हे पाहून नवशिक्यांना मोठे कुतूहल वाटते, म्हणून इथे स्पष्ट लिहितो. अर्ध्या चमचा ओव्यात, म्हणजे 1 ग्रॅममध्ये, फार तर 40 मिलिग्रॅम तेल असते आणि थायमॉल त्याहूनही कमी. ओव्याच्या फुलाचा 1 ग्रॅम म्हणजे चाळीस ग्रॅमांहून अधिक ओव्याचा अर्क एका घासात घेणे. शिवाय कापूर लहान मुलाच्या पोटात थोडा जरी गेला तरी त्याला झटके येऊ शकतात. म्हणून अमृतधारा घरी करू नये, विकत आणलेली बाटली मुलांच्या हाताबाहेर ठेवावी आणि वैद्याच्या सल्ल्याशिवाय ती पोटात घेऊ नये.

बाळंतीण, बाळ आणि ओवा

आपल्याकडे बाळंतिणीला जेवणानंतर ओवा, बाळंतशोप, तीळ आणि खोबरे यांची सुपारी देतात. भाजलेली ही सुपारी एक-दोन चमचे खाण्यात सहसा अडचण नसते, आणि बाळंतपणानंतर मंदावलेल्या पोटाला तिने बरे वाटते. दूध वाढण्याचे श्रेय मात्र ओव्यावर टाकून बसू नये. बाळाला वारंवार अंगावर पाजणे हाच दूध वाढण्याचा खरा उपाय आहे. गरोदरपणात भाजी-भज्यांतला ओवा चालतो, पण काढा, पूड किंवा अर्क अशा औषधी प्रमाणात तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

शेगडीवर ओवा, शेपा आणि लसणाची साले टाकून बाळ-बाळंतिणीला धुरी देण्याची चाल अजूनही अनेक घरांत आहे. ती आपल्या आज्या-पणज्यांनी मायेने चालवली, हे मी जाणतो. तरीही बंद खोलीतला धूर नवजात बाळाच्या फुप्फुसांना घातक असतो, आणि शेगडीतल्या कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू वास न येता जीव घेऊ शकतो. ऊब हवी असेल तर बाळाला आईच्या अंगाशी धरावे, टोपडे-मोजे घालावेत. धुरी बंद करावी. सहा महिन्यांच्या आतील बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही, ओव्याच्या पाण्याचा चमचादेखील, देऊ नये. त्याच्या पोटावर गरम ओव्याची पुरचुंडी ठेवू नये. बाळ सतत कळवळून रडत असेल, हिरवी उलटी करत असेल किंवा पोट ताठ लागत असेल तर त्याच तासाला दवाखाना गाठावा.

ओव्याची बाटली बाजूला ठेवण्याची वेळ

गॅस झाला असेल म्हणून ओवा देत बसण्यात मौल्यवान वेळ जातो, अशा घटना दुर्दैवाने घडतात. छातीच्या मध्यभागी दाबल्यासारखे दुखणे, दुखणे डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, दरदरून घाम फुटणे, धाप लागणे ही हृदयविकाराच्या झटक्याची लक्षणे असू शकतात. मधुमेही व्यक्तींत आणि स्त्रियांत ती केवळ अस्वस्थता, मळमळ किंवा पोटाच्या वरच्या भागातील दुखणे एवढ्याच रूपात दिसू शकतात. अशा वेळी 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि सिव्हिल हॉस्पिटल किंवा जवळचे सुसज्ज रुग्णालय गाठावे. बेंबीपासून सुरू होऊन उजव्या बाजूला खाली सरकणारे पोटदुखीचे दुखणे, ताप, थांबत नसलेल्या उलट्या, शौचातून रक्त किंवा डांबरासारखी काळी शौच, पोट फुगून वायूदेखील न सरणे, यांपैकी काहीही असल्यास ओवा, हिंग, शेक हे सारे बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. जठराचा व्रण किंवा यकृताचा आजार असणाऱ्यांनी, तसेच रक्त पातळ होण्याची औषधे घेणाऱ्यांनी, ओव्याचा काढा सुरू करण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

कुंडीतला ओवा

सोलापुरातल्या अंगणांत आणि गॅलऱ्यांत ‘ओवा’ म्हणून जी जाड, मऊ लव असलेल्या पानांची कुंडी दिसते, ती मसाल्याच्या ओव्याची नसते. तो पानओवा, तुळशीच्या कुळातला. वासात साम्य असते, कारण त्याच्याही पानांत थायमॉल आणि त्याच्याशी जवळचे नाते असलेले कार्व्हाक्रॉल असते. पण त्याला मसाल्याचे दाणे कधीच येत नाहीत. त्याची वीतभर फांदी तोडून ओल्या मातीत खोचली की ती जगते. पाणी बेताने द्यावे आणि उन्हाळ्यात दुपारची सावली द्यावी. त्याची पाने बेसनात बुडवून केलेली भजी नवशिक्यालाही पहिल्याच वेळी साधतात. पान अख्खे ठेवावे, पाण्याचा थेंब पुसून घ्यावा आणि पिठात वेगळा ओवा घालू नये.

खरा ओवा कुंडीत लावून पाहायचा असेल तर ऑक्टोबरमध्ये, परतीचा पाऊस थांबल्यावर, घरातलाच ताजा दाणा पेरावा. दाणा मातीत अर्ध्या सेंटिमीटरहून खोल जाऊ देऊ नये. उगवायला दहा ते पंधरा दिवस लागतात आणि तोवर माती झारीने ओलसर ठेवावी. काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून कुंडीत तिच्यात निम्मी वाळू आणि शेणखत मिसळावे, नाहीतर मुळे कुजतात. रोपे वीतभर झाली की एका कुंडीत तीन-चारच ठेवून बाकीची उपटावीत. थंडीत पांढऱ्या फुलांचे छत्रीसारखे तुरे येतात, त्यांवर मधमाश्या येतात, म्हणून त्या काळात कसलीही फवारणी करू नये. पेरणीपासून साधारण पाच महिन्यांनी तुरे तपकिरी होऊ लागले की दाणे गळण्यापूर्वी, सकाळच्या वेळी ते कापावेत, कागदी पिशवीत उलटे टांगून सावलीत वाळवावेत आणि हाताने चोळून दाणे वेगळे करावेत. दोन-तीन कुंड्यांतून निघणारा ओवा मूठभरच असतो. त्यातले चमचाभर दाणे पुढच्या ऑक्टोबरच्या पेरणीसाठी कागदाच्या पुडीत, वर तारीख लिहून, ठेवावेत.